आपण कुठल्या दिशेला ओढले जातोय: गंगाखेडच्या गच्चीवरच्या प्रकल्प नोंदी

अकरावीच्या मुलांना घेऊन विज्ञान दिनासाठी हे काम हाती घेतलं. ज्वालामुखी आणि ठिबक सिंचनाची मॉडेलं दरवर्षी असतातच. या वेळी प्रश्न असा घेतला: आपली आकाशगंगा आणि तिच्या शेजारच्या दीर्घिका मिळून सेकंदाला सहाशेच्या वर किलोमीटर वेगाने एका बाजूला चालल्यात. तर त्या बाजूला दीर्घिकांची गर्दी खरंच जास्त आहे का, आणि हे आपल्या लॅपटॉपवर ताडून बघता येईल का? येतं. सूत्र सोपं आहे. सगळा वेळ जातो तो यादीतलं काय ठेवायचं आणि काय काढायचं यात. कुणाला करून बघायचं असेल त्यांच्यासाठी वहीतल्या नोंदी जवळपास जशाच्या तशा देतेय.

८ डिसेंबर २०२४

आधी उत्तर काय यायला हवं ते पक्कं केलं. विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींचं तापमान २.७२५ केल्व्हिन. पण आकाशाच्या एका बाजूला ते ३.३६ मिलिकेल्व्हिनने जास्त भरतं, बरोबर विरुद्ध बाजूला तेवढंच कमी. आपण ज्या दिशेला जातोय तिकडचं प्रारण जरा जास्त उष्ण दिसतं. शिवकन्याने कॅल्क्युलेटर काढून ३.३६ मिलिकेल्व्हिनला २.७२५ ने भागलं, प्रकाशाच्या वेगाने गुणलं, सेकंदाला ३७० किलोमीटर आले. हेच प्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाचा आकडा ३६९.८ आहे. फळ्यावर तीन ओळी लागल्या. वर्ग तिथेच जिंकला.

पण हा सूर्याचा वेग झाला. सूर्य आकाशगंगेभोवती फिरतो, आकाशगंगा शेजारच्या देवयानी दीर्घिकेकडे सरकते. ते वजा करायचं तर सोपा मार्ग असा: आपल्या स्थानिक समूहाच्या (आकाशगंगा आणि तिच्या शेजारच्या दीर्घिका) मानाने सूर्य साधारण ३०० किमी वेगाने गॅलेक्टिक रेखांश (आकाशगंगेच्या पट्ट्यावर तिच्या केंद्रापासून मोजलेला कोन) ९० अंशांकडे जातो असं धरायचं आणि सदिश वजाबाकी करायची. आमच्या हिशेबात स्थानिक समूहाचा वेग ६११ आला. प्लँकचं २०१८ चं उत्तर ६२०, दिशा रेखांश २७२, अक्षांश ३०. गोल आकडे वापरून एवढं जवळ आलं म्हणजे हिशेबाची रीत बरोबर.

वजाबाकीत वेग वाढला कसा, हे मुलांना पटायला वेळ लागला. सूर्याचं फिरणं सध्या जवळजवळ उलट्या बाजूला आहे, म्हणून. तिथे घाई करू नका, पुढे सगळं याच्यावर उभं राहतं.

१५ डिसेंबर

यादी मिळवली. टूमास सर्वेक्षणाने १९९७ ते २००१ मध्ये अ‍ॅरिझोना आणि चिलीतल्या १.३ मीटरच्या दोन दुर्बिणींनी सगळं आकाश अवरक्त प्रकाशात टिपलं. त्यातल्या ठळक दीर्घिकांचे वेग मोजून टूएमआरएस ही यादी २०१२ मध्ये निघाली: के या अवरक्त पट्ट्यात ११.७५ प्रतीपर्यंतच्या (प्रत म्हणजे दिसणारं तेज; आकडा जितका लहान तितकी दीर्घिका ठळक), ४३ हजारांवर दीर्घिका, सुमारे ९१ टक्के आकाश. व्हिझियर या संकेतस्थळावर फुकट आहे. अवरक्त का, तर धुळीतून बरं दिसतं, आणि जुन्या ताऱ्यांचा प्रकाश दीर्घिकेच्या वस्तुमानाचा चांगला अंदाज देतो.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर उतरवली. कॉलेजचं नेट त्या दिवशी नव्हतंच.

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडताना रिकाम्या जागेवरून रकाने पाडले. चूक. ज्या दीर्घिकांचा वेग मोजलेला नाही तिथला रकाना रिकामा असतो, मग पुढचे सगळे आकडे एक घर डावीकडे सरकतात. अर्धविरामाने वेगळे केलेले रकाने असा पर्याय व्हिझियरवर आहे, तोच निवडा.

दुसरं: बालाजीने विषुवांश-क्रांतीवरून (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या मानाने मोजलेल्या आकाशातल्या स्थानावरून) गॅलेक्टिक अक्षांश-रेखांश काढायची सूत्रं लिहायला घेतली, त्यात दुपार गेली. तेच दोन रकाने यादीत आधीच होते. यादीसोबतची माहिती आधी वाचावी.

२२ डिसेंबर

आता गंमत. गुरुत्वाचा ओढा अंतराच्या वर्गाने कमी होतो, प्रकाशही अंतराच्या वर्गानेच कमी होतो. प्रकाश आणि वस्तुमान यांचं प्रमाण सगळीकडे साधारण सारखं धरलं, तर अंतर माहीत नसलं तरी चालतं. दीर्घिका जितकी तेजस्वी दिसते, तितकी ती ओढते. प्रत्येक दीर्घिकेसाठी दिसणाऱ्या प्रकाशाइतका लांब बाण तिच्या दिशेला काढायचा आणि सगळे बाण जोडायचे. उरलेला बाण म्हणजे आपल्यावरचा एकूण ओढा.

प्रतीवरून प्रकाश काढायला दहाचा घात उणे ०.४ गुणिले प्रत. मग तीन रकाने: एक्स, वाय, झेड. तिन्हींची बेरीज.

पहिलं उत्तर काहीच्या काही. कॅल्कला कोन रेडियनमध्ये लागतो, आपण अंश दिले होते. दुसरं उत्तरही चुकलं, कारण एक्स-वायवरून कोन काढणाऱ्या एटॅन२ फंक्शनमध्ये कॅल्कला आधी एक्स लागतो आणि बालाजीला पायथॉनची सवय, तिथे आधी वाय. हे पकडायला एक साधी युक्ती आहे: सगळी यादी बाजूला ठेवून फक्त देवयानीची ओळ चालवा. उत्तर रेखांश १२१, अक्षांश उणे २१.६ आलंच पाहिजे. ते येईपर्यंत पुढे जाऊ नका.

लॅपटॉप चार जीबीचा. एक घर बदललं की सगळी यादी पुन्हा मोजायला बसतो, तोवर चहा होतो. आपोआप गणन बंद करून टाका, लागेल तेव्हाच चालवा.

२९ डिसेंबर

सगळं बरोबर असूनही बाण आखूड, आणि भलतीकडेच वळलेला. मुलं हिरमुसली. शिवकन्याने यादी तेजस्वितेप्रमाणे लावली आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं: देवयानी. तिची प्रत एकच्या आसपास. यादीच्या काठावरच्या ११.७५ प्रतीच्या वीस हजारांहून जास्त दीर्घिकांचा प्रकाश एकटीचा. आणि ती आहे आपण जातोय त्याच्या बऱ्यापैकी उलट बाजूला. बाकीची सगळी यादी एकीकडे ओढतेय, ही एकटी दुसरीकडे.

ती खोटं बोलत नाही, आकाशगंगेला ती खरंच ओढतेय. पण आपण विचारलंय ते स्थानिक समूहाच्या गतीबद्दल, आणि देवयानी त्या समूहातलीच आहे. घरातल्या घरातली ओढाताण यात मोजायची नाही. देवयानी, एम ३३ ही दीर्घिका आणि समूहातले बाकीचे बारके सदस्य काढले. बाण सरळ झाला, षडंश आणि चषक या तारकासमूहांकडे वळला. प्लँकच्या दिशेपासून कोन तिशीच्या आत.

एका ओळीने पूर्ण उत्तर फिरतं, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं. ही ओळ मी आधीच काढून दिली असती तर दोन तास वाचले असते. दिली नाही, ते बरं झालं.

५ जानेवारी २०२५

मोठी अडचण. यादीत आकाशगंगेच्या पट्ट्यातलं आकाश नाही: अक्षांश पाच अंशांच्या आत, आणि केंद्राच्या बाजूला आठ अंशांच्या आत, काहीच नाही. तिथे धूळ आणि आपलेच तारे इतके की मागच्या दीर्घिका मोजता येत नाहीत. कॅल्कला हे कळत नाही. त्याच्या लेखी तिथे शून्य दीर्घिका आहेत, म्हणजे महाप्रचंड पोकळी. आणि नेमक्या त्याच पट्ट्याच्या आजूबाजूला बरंच काही दडलंय. आसपासच्या दीर्घिकांना ओढणाऱ्या ज्या भागाला १९८७-८८ मध्ये सात खगोलशास्त्रज्ञांच्या गटाने 'ग्रेट अ‍ॅट्रॅक्टर' म्हटलं तो भाग तिकडचाच.

उपाय म्हणून वरच्या आणि खालच्या शेजारच्या पट्ट्यांतल्या दीर्घिकांची नक्कल करून रिकाम्या जागेत टाकली. रेखांश तोच, अक्षांश पाच अंशांनी आत. ही पद्धत संशोधकही वापरतात. कोन कमी झाला, मुलांनी टाळ्या वाजवल्या.

१२ जानेवारी

टाळ्या परत घ्याव्या लागल्या. नॉर्मा हा दीर्घिकांचा समूह रेखांश ३२५, अक्षांश उणे ७ ला आहे. म्हणजे यादीच्या काठाच्या जरा आत, नक्कल घेतलेल्या पट्ट्यात. आम्ही तो उणे दोनवर पुन्हा एकदा उभा केला होता. एवढा वजनदार समूह दोनदा मोजला तर कोन सुधारणारच!

नक्कल काढली. त्याऐवजी पट्ट्यात सरासरी घनतेने बिंदू विखुरले आणि त्यांना सरासरी प्रकाश दिला. ही पद्धत उलट बाजूला चुकते, कारण तिथे खरोखर समूह असतील तर ते सपाट होऊन जातात. दोन्ही उत्तरांत काही अंशांचा फरक राहिला. आम्ही दोन्ही लिहिली. ज्यांना एकच आकडा हवा असतो त्यांनी हा प्रकल्प घेऊ नये.

संक्रांतीची सुट्टी, त्यामुळे पुढचा रविवार गेला.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून बसलो. आता वेगांचा रकाना वापरला. दीर्घिका जितकी लांब तितकी ती जास्त वेगाने दूर जाते, म्हणून वेगावरून अंतराचा अंदाज येतो. यादीतला वेग सूर्याच्या मानाने असतो, त्यात ३०० गुणिले साइन रेखांश गुणिले कोसाइन अक्षांश मिळवलं की तो स्थानिक समूहाच्या मानाने होतो. जवळच्या काही दीर्घिकांचा वेग उणे निघतो, त्या आपल्याकडे येतायत. त्यांना या वर्गवारीत जवळच्याच गटात टाका, वगळू नका.

मग एकेक कवच चढवत गेलो. आधी हजार किमी वेगापर्यंतच्या, मग तीन हजार, पाच हजार, दहा हजार, पुढे. सुरुवातीला बाण कन्या समूहाकडे झुकतो. बालाजीची पैज होती की कन्या समूहच सगळं ओढतोय. तसं नाही. खगोलशास्त्रज्ञ तुली आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या गतीचे तुकडे पाडले तेव्हा कन्या समूहाच्या वाट्याला सेकंदाला १८५ किमी आले. त्याहून जास्त, सुमारे २६० किमी, शेजारच्या रिकाम्या पोकळीमुळे. तिकडून ओढणारं कुणी नाही, म्हणून आपण तिच्यापासून लांब सरकतो. ढकलणारं कुणी नसताना ढकललं गेल्यासारखं दिसतं, हे मला स्वतःलाही नीट गिळायला वेळ लागला.

पाच हजारांपर्यंत बाण प्लँकच्या दिशेच्या बऱ्यापैकी जवळ येतो, पुढे पुन्हा दूर जातो. २००६ मध्ये याच सर्वेक्षणाच्या २३ हजारांवर दीर्घिका घेऊन जे काम प्रसिद्ध झालं त्यातही हेच आहे: साधारण १२ अंशांपर्यंत जवळ, मग २१ पर्यंत लांब. आमचा शेवटचा आकडा वीसच्या आत-बाहेर, पट्टा कसा भरला त्यावर अवलंबून.

पण बाण कुठे थांबतो? दहा हजारांनंतरही तो हलत राहतो. तिकडे ६५ कोटी प्रकाशवर्षांवर शॅप्ली महासमूह आहे, आणि एवढ्या लांबच्या फक्त सर्वांत तेजस्वी दीर्घिका आमच्या यादीत येतात. २०११ मध्ये टूमासच्याच मोठ्या यादीवर झालेल्या कामातही हा बाण त्यांच्या मर्यादेपर्यंत स्थिर झाला नव्हता. एका मुलाने विचारलं, पुण्याच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये शोधलेला सरस्वती महासमूह यात कुठे? तो ४०० कोटी प्रकाशवर्षांवर. आमची यादी तिथवर पोचतच नाही.

९ फेब्रुवारी

वगळून बघण्याची चाचणी. एम ८१ किंवा सेंटॉरस ए या जवळच्या दीर्घिकांची प्रत चारच्या आसपास, म्हणजे एकेकीचा प्रकाश काठावरच्या हजारावर दीर्घिकांइतका. आयसी ३४२ ही शेजारची दीर्घिका काढली, बाण हलला. एम ८१ काढली, आणखी हलला. अशा मोजक्या काढल्या की कोन कमी होतो. २००६ च्या कामात मूठभर दीर्घिका वगळल्यावर २१ चे १४ अंश झाले होते.

मुलांना तोच आकडा फलकावर हवा होता. मी नाही म्हटलं. उत्तर जुळेपर्यंत नावं खोडत बसणं म्हणजे मोजणी नव्हे. काढून बघायचं ते कशावर किती अवलंबून आहे हे कळायला. शेजारच्या एकदोन दीर्घिकांचं वस्तुमान प्रकाशावरून जरा चुकीचं धरलं गेलं तर सगळा बाण हलतो, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. म्हणून तक्ता लावला: काय काढलं, किती सरकलं.

बाणाच्या लांबीवरून वेग काढायचा मोह सोडून दिला. त्यासाठी विश्वातलं एकूण द्रव्य, दीर्घिका त्या द्रव्यापेक्षा किती जास्त गोळा होतात, असे आकडे बाहेरून घ्यावे लागतात. आम्ही दिशेपुरतं थांबलो.

१६ फेब्रुवारी

नुसते तक्ते कोण बघणार? म्हणून गच्चीवर दिशा दाखवणारे पाईप. नशीब असं की सूर्याची दिशा आणि स्थानिक समूहाची दिशा या दोघी आकाशात जवळपास एकाखाली एक आहेत. गंगाखेडचं अक्षांश १९. दिशा दक्षिणेला सर्वांत उंच येते तेव्हा सूर्याची क्षितिजापासून ६४ अंशांवर, समूहाची ४५ अंशांवर. दोन्ही एकाच दांड्यावर, उभ्या रेषेत लावता येतात. आडवा चार-पाच अंशांचा फरक उरतो, तो मुद्दाम सोडला.

अर्ध्या इंची जीआय पाईप, पाया, वेल्डिंग, रंग धरून चौदाशेच्या घरात खर्च. औंढ्याला लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेसाठी २६०० कोटी मंजूर झालेत, तिथे एखादा पाईप कमी पडला तर आमच्याकडून न्यावा.

वेल्डिंगवाल्या मामांना कागदावर ६४ लिहून दिलं. त्यांनी ते उभ्या दांड्यापासून मोजलं. पाईप पार आडवा, २६ अंशांवर. मामा म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगायलात आकाश, अन् आकडा कुठून मोजायचा ते लिहिलंच न्हाई." खरं आहे. कापून पुन्हा जोडायचे दोनशे गेले. कोन लिहू नका, चित्र काढा आणि जमीन दाखवा.

२२ फेब्रुवारी

दक्षिण दिशा शोधायला मोबाईलचं होकायंत्र वापरलं. गच्चीच्या स्लॅबमध्ये सळया, शेजारी लोखंडी पाईप, सुई दर पावलाला वेगळं सांगते. सोडून दिलं. जुनी शंकूची रीत: सपाट जागी काठी उभी करून सकाळी सावलीच्या टोकावर खूण, त्या लांबीचं वर्तुळ, दुपारनंतर सावली पुन्हा वर्तुळाला टेकेल तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. काठी उभी आहे का हे गवंड्याच्या ओळंब्याने बघितलं. रात्री ध्रुवताऱ्यावर ताडलं, जुळलं.

आमच्या स्वतःच्या बाणासाठी तिसरा पाईप वेल्ड केला नाही. उत्तर अजून हलतंय, तर लोखंडात कशाला पक्कं करायचं? बांबू घेतला, तारेने बांधला. पट्टा वेगळा भरून आलेलं उत्तर दाखवायचं तर तार सैल करून सरकवता येतो.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. बारावीची परीक्षा चालू, त्यामुळे गर्दी बेताची. सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न: आपण तिकडे पोचणार कधी? नाही पोचणार. तिकडच्या दीर्घिका विश्वाच्या प्रसरणाने आपल्यापासून लांब जातायत, सहाशेचा वेग त्याला पुरत नाही. हे उत्तर लोकांना आवडत नाही, पण मुलांनी न कंटाळता दिलं. तक्त्यापेक्षा लोक बांबूशी जास्त थांबले, कारण तो हलवता येत होता.

दिवसा पाईप बघून समजत नाही, एवढं मात्र दिसलं. फेब्रुवारीत ही दिशा दक्षिणेला उंच येते मध्यरात्रीनंतर.

२६ एप्रिल

म्हणून अमावस्येच्या आदल्या रात्री पुन्हा बोलावलं. दिवसभराचं ऊन स्लॅबमध्ये मुरलेलं, चटई टाकूनही बसवेना. नऊ ते सव्वानऊच्या दरम्यान दोन्ही दिशा दक्षिणेला येतात. पाईपमधून बघायचं तर डोळा लावायला आधी खाली झोपावं लागतं, हे आधी लक्षात आलं नव्हतं. खालचं टोक कमरेइतकं उंच ठेवा.

६४ अंशांच्या पाईपमध्ये सिंह आणि चषक यांच्या सीमेवरचं आकाश. ४५ च्या पाईपमध्ये ठळक काहीच नाही, वासुकीच्या अंगाची अंधारी जागा. दोन्हींच्या मधे चषकातला अल्केस तारा, चौथ्या प्रतीचा. बाजारपेठेचे दिवे असूनही दिसला. मुलांना खूण मिळाली: अल्केस शोधा, त्याच्या वर अकरा अंश सूर्य चाललाय, खाली आठेक अंश आपला सगळा समूह. बांबू अल्केसच्या वरच्या अंगाला, जरा पश्चिमेकडे. त्याच्या आणि ४५ च्या पाईपच्या मधे हात लांब करून पूर्ण उघडलेल्या पंजाएवढी जागा. तेवढी आमची तफावत.

बालाजी आता मोठी टूमास यादी उतरवून घेणार म्हणतोय, वेगांशिवायची, सोळा लाखांच्या आसपास नोंदी. कॅल्कमध्ये एवढ्या ओळी मावत नाहीत, पायथॉन लागेल. मग एटॅन२ मध्ये वाय आधी.